एअरफिक्सचं १:७२ स्वॉर्डफिश: तिघांना बसवूनच पुरं होणारं किट

एअरफिक्स या ब्रिटिश कंपनीचं, मूळ विमानाच्या बहात्तराव्या हिश्श्याएवढं हे प्लास्टिकचं किट जरूर घ्यावं. मात्र आतली तीन माणसं बाजूला ठेवून नुसतं विमान बांधायचं असेल, तर त्यापेक्षा सोपं एखादं किट घेतलेलं बरं. फेअरी स्वॉर्डफिश म्हणजे एकावर एक दोन पंखांचं, कापडाने मढवलेलं, उघड्या बैठकीचं विमान. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश नौदलाने ते शत्रूच्या जहाजांवर टॉर्पेडो टाकायला वापरलं. पुढे पायलट, मध्ये वाट काढणारा ऑब्झर्व्हर, मागे वायरलेस आणि मशिनगन सांभाळणारा तिसरा गडी. डोक्यावर छप्पर नाही, अंगाभोवती चिलखत नाही आणि पोटाखाली साधारण ७३० किलोचा टॉर्पेडो. १९ सेंटीमीटरच्या मॉडेलमध्ये हे सगळं दिसतं का, ही या किटची खरी परीक्षा. नीट बांधलं तर दिसतं.

घेताना एक गोष्ट बघा. एअरफिक्सचं याच विमानाचं, याच मापाचं १९५०च्या दशकातलं जुनं किटही जुन्या साठ्यातून विकायला येतं. आपल्याला हवं आहे ते २०११ सालच्या नव्या साच्यातलं. ऑनलाइन घेताना विक्रेत्याला डब्यावरचं साल आणि स्प्रूचा, म्हणजे सुटे भाग जोडलेल्या प्लास्टिकच्या चौकटीचा, फोटो मागा. मूळ विमानाचा पंखविस्तार १३.८७ मीटर आणि लांबी १०.८७ मीटर, म्हणजे मॉडेल १९.३ बाय १५.१ सेंटीमीटर होतं. पंख मिटून बांधायची सोय आहे, तसं बांधल्यास रुंदी जेमतेम ७.३ सेंटीमीटर. तामिया या जपानी कंपनीचं १:४८ स्वॉर्डफिश जवळपास २९ सेंटीमीटर रुंद होतं आणि त्याच्यासाठी पंखांमधल्या तारांचा धातूचा संच वेगळा विकत मिळतो. हात बसलेला नसेल आणि खिसा परवानगी देत असेल तर ते सोपं पडेल. पण तारा स्वतः ओढायच्या असतील तर एअरफिक्सचं १:७२ पुरेसं आहे आणि कपाटातही मावतं.

रत्नागिरी, मालवण, अलिबागकडे मागवणाऱ्यांनी गोंद आणि इनॅमल रंगांची ऑर्डर किटसोबत एकत्र देऊ नये. दोन्ही ज्वालाग्राही, विमानाने पाठवता येत नाहीत, आणि त्यांच्यापायी अख्खं पार्सल अडकतं. रंग पाण्यात पातळ होणारे ॲक्रिलिक घ्या. गोंद मुंबई-पुण्याकडून कोणी येत असेल त्याच्या हाती मागवा.

आता हवेबद्दल. किनाऱ्यावर या किटचं जे काही बिघडतं त्यातलं निम्मं हवेमुळे बिघडतं. मृग लागल्यापासून नवरात्रापर्यंत रंगकाम काढूच नये हे उत्तम. एरवी एका रात्रीत सुकणारा इनॅमल त्या दिवसांत तीन-तीन दिवस बोटाला चिकटतो. स्प्रे वॉर्निश मारलं की पांढुरका धुरकट थर येतो, कारण सॉल्व्हंट झपाट्याने उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतली वाफ त्यावर बसते. सुपरग्लूची गत तशीच: ओलाव्याने तो लवकर धरतो, पण त्याची वाफ आजूबाजूला पांढरी बुरशी धरल्यासारखी बसते. पायलटच्या पुढची एवढीशी काच त्यात कायमची आंधळी होते. म्हणून काचेला सुपरग्लू लावूच नका, पांढरा फेव्हिकॉल सुईच्या टोकाने लावा. तो सुकल्यावर पारदर्शक होतो आणि चुकलं तर ओल्या कापसाने पुसता येतो.

पावसाळ्यात काम करायचंच असेल तर प्लायवूडच्या खोक्यात १५ वॉटचा जुना पिवळा बल्ब लावून सुकवायची पेटी करा. आत थर्मामीटर ठेवा आणि ४० अंशांच्या वर जाऊ देऊ नका. पंखांमधले बारीक खांब तापलेल्या पेटीत ताणाखाली राहिले तर हळूच वाकतात. ते लक्षात येतं वरचा पंख बसवताना, आणि तेव्हा उशीर झालेला असतो.

दुपंखी विमान जोडताना क्रम चुकला की पुढे काहीच जुळत नाही. आधी बैठकीच्या आतला भाग रंगवा, मग धड बंद करा. खालचे पंख धडाला लावा. वरच्या पंखाचा मधला भाग धडावर तोलून धरणारे छोटे खांब बसवा आणि चोवीस तास हात लावू नका. त्यानंतर गुण्या लावून दोन्ही बाजूंचं अंतर मोजा. इथे अर्ध्या मिलिमीटरचा फरक राहिला तर पंखाच्या टोकाला तो दोन-तीन मिलिमीटर होऊन दिसतो. पंखांच्या ज्या बाजू एकमेकांसमोर येणार, त्या जोडण्याआधीच रंगवून घ्या, नंतर ब्रश आत जात नाही. सुरुवातीच्या वर्षांतल्या रंगसंगतीत खालच्या पंखाची वरची बाजू वरच्या पंखापेक्षा फिकट रंगाची असे. वरच्या पंखाची सावली पडून दोन्ही एकसारखे दिसावेत, विमान ओळखू येऊ नये, हा हेतू. हा फरक पुष्कळ जण सोडून देतात आणि मॉडेल सपाट दिसतं. चिन्हं (डिकल) चिकटवण्याआधी तकतकीत वॉर्निश, चिन्हांवर मॅट. खरबरीत मॅटवर थेट चिकटवली तर खाली हवा अडकून कडा चांदीसारख्या चमकतात.

तारा डब्यात नाहीत. त्या आपल्याच हातच्या, आणि या मॉडेलचा सगळा जीव त्यांच्यात आहे. तारा नसलेलं स्वॉर्डफिश म्हणजे दोऱ्या न बांधलेलं शिडाचं गलबत.

जाडीचा हिशेब असा: ०.१ मिलिमीटरचा धागा या मापात ७.२ मिलिमीटरच्या तारेएवढा होतो, तो चालतो. ०.२ मिलिमीटरचा १४.४ मिलिमीटरचा होतो आणि दोरखंडासारखा दिसतो. बंदरावरच्या दुकानात मिळणारी गरीची तंगूस बहुधा जाड असते. घ्यायचीच तर सगळ्यात बारीक मागा आणि व्हर्नियर कॅलिपरने मोजून घ्या. तंगूस नायलॉनची, आणि नायलॉन हवेतला ओलावा पिऊन लांबतो. हिवाळ्यात घट्ट ओढलेली तार आषाढात सैल पडलेली दिसते ती त्यामुळे. त्यावर उपाय उदबत्तीचा. पेटती उदबत्ती तारेखाली दीड सेंटीमीटरवर धरून संथपणे सरकवा, सैल तंगूस डोळ्यांदेखत ताणून बसते. अंतर एक सेंटीमीटरपेक्षा कमी झालं तर तुटलीच समजा. पंखा बंद हवा, आणि हात टेबलावर टेकलेला हवा. कपड्यात येतो तसला लवचिक बारीक धागा मिळाला तर आणखी चांगलं. तो ऋतूप्रमाणे सैल पडत नाही आणि चुकून बोट लागलं तरी परत जागेवर येतो.

भोकं पंख जोडण्याआधी पाडायची, ०.३ मिलिमीटरच्या ड्रिलने, हाताने फिरवून, अर्ध्या जाडीपर्यंतच. आरपार गेलं तर दुसऱ्या बाजूने पुट्टी भरत बसावं लागतं. धागा तीस सेंटीमीटरचा तोडा, एक टोक सुपरग्लूच्या सुईएवढ्या थेंबाने बसवा, दुसरं भोकातून ओढून त्याला कपड्यांचा लाकडी चिमटा लटकवा. चिमट्याच्या वजनाएवढाच ताण द्यायचा, हाताने ओढायचं नाही. काम धडाजवळून टोकाकडे न्यायचं आणि एक तार डावीकडे, तीच लगेच उजवीकडे. एक बाजू आधी पुरी केली की वरचा पंख त्या बाजूला पिळला जातो, आणि तो पीळ मग सुटत नाही. उडताना पंख वर उचलला जातो तो भार घेणाऱ्या तारा दुहेरी आहेत, जमिनीवर पंखाचं वजन पेलणाऱ्या उलट्या तिरक्या. हा फरक समजला तर आकृतीकडे सारखं बघावं लागत नाही. पहिल्या खेपेला चार संध्याकाळी धरा.

टॉर्पेडो शेवटी लावा, पण लक्ष पहिल्यापासून त्याच्यावर ठेवा. १८ इंची मार्क १२, लांबी ४.९५ मीटर, म्हणजे इथे ६.९ सेंटीमीटर. दोन चाकांचे पाय मध्ये आसाने जोडलेले नाहीत, ते याच्यासाठीच: मधली जागा टॉर्पेडोची. पाय सरळ रेषेत नसतील तर टॉर्पेडो तिरका लटकतो. आधी गोंद न लावता बसवून बघा, पाय सुकायच्या आत दुरुस्त करा.

हे शस्त्र टाकणं किती नाजूक काम होतं, ते किट हातात असताना छान समजून घेता येतं. टॉर्पेडो साधारण १८ मीटर उंचीवरून आणि लक्ष्यापासून ९०० मीटरच्या आसपास टाकायचे. १:७२ मध्ये ही उंची २५ सेंटीमीटर आणि अंतर साडेबारा मीटर. ओटीच्या कडेला मॉडेल जमिनीपासून वीतभर वर धरा. समोर साडेबारा मीटरवर, बहुतेक घरांत ते खळं ओलांडून बेड्यापर्यंत जातं, सव्वातीन मीटर लांबीची काठी आडवी ठेवा. ती काठी म्हणजे शार्नहॉर्स्ट ही जर्मन युद्धनौका. आता उकिडवे बसून विमानाच्या उंचीवरून काठीकडे बघा. आडोसा कुठेच नाही. त्या काठीवरच्या सगळ्या तोफा या १९ सेंटीमीटरवर रोखलेल्या, आणि पायलटला टॉर्पेडो सुटेपर्यंत विमान सरळ, सपाट, ठरल्या उंचीवर ठेवायचं आहे. नाक खाली झुकलं तर टॉर्पेडो खोल बुडून तळाला रुततो, फार आडवा पडला तर पाण्यावर आपटून भरकटतो किंवा फुटतो. ४० नॉट्सने जाणाऱ्या टॉर्पेडोला ९०० मीटर कापायला ४४ सेकंद लागतात. तेवढ्यात २८ नॉट्सने पळणारं जहाज सव्वासहाशे मीटर पुढे जातं. म्हणजे नेम जहाजावर धरायचाच नाही, जहाजाच्या जवळपास पावणेतीन लांबी पुढच्या मोकळ्या पाण्यावर धरायचा. त्यासाठी पायलटच्या समोर दोन्ही बाजूंना बारीक दिव्यांच्या दांड्या असत. जहाजाच्या वेगाचा अंदाज करून तो एक दिवा निवडायचा आणि त्या रेषेवर विमान धरायचं. मॉडेलवर या दांड्या केसाएवढ्या होतात. सोडून देऊ नका, ताणलेल्या स्प्रूच्या दोन काड्या पुरतात.

कुठलं विमान बांधायचं हे ठरवताना मोहीम आधी ठरवा, कारण त्यावर आतली माणसं बदलतात. ११ नोव्हेंबर १९४० च्या रात्री इलस्ट्रियस या विमानवाहू जहाजावरून २१ स्वॉर्डफिश इटलीच्या टारांटो बंदरावर गेली. त्यांतल्या ११ विमानांकडे टॉर्पेडो होते, बाकीच्यांकडे बॉम्ब आणि प्रकाशगोळे. लांबचा पल्ला म्हणून जादा इंधनाची टाकी मधल्या बैठकीत बसवली आणि ऑब्झर्व्हर मागच्या जागी गेला. त्यामुळे टारांटोच्या विमानात दोनच माणसं हवीत. मधली जागा प्लास्टिकच्या तुकड्याने केलेल्या टाकीने भरा. बंदरात पाणी जेमतेम १२ मीटर, म्हणून टॉर्पेडोच्या नाकाला तार बांधून ती विमानाखालच्या रिळावर गुंडाळली होती. पडताना ती तार नाक वर ओढून धरी आणि टॉर्पेडो तळाला न जाता आडवा पडे. हे रीळ बांधायला सोपं आहे आणि बघणारा हमखास विचारतो. त्या रात्री लिट्टोरिओ, काइओ दुइलिओ आणि काँते दी काव्हूर या तीन युद्धनौकांना टॉर्पेडो लागले. दोन विमानं पडली. एकातले दोघे कैद झाले, दुसऱ्यातले दोघे गेले.

२६ मे १९४१ चं, आर्क रॉयल या विमानवाहू जहाजावरचं विमान बांधलं तर तिघेही बसवा. त्या दिवशी दुपारच्या पहिल्या फळीने खराब हवेत चुकून आपल्याच शेफील्ड या क्रूझरवर हल्ला केला. चुंबकीय कळ लावलेले काही टॉर्पेडो पाण्याला लागताच फुटले आणि शेफील्ड वाचली. दोष कळल्यावर संध्याकाळच्या १५ विमानांच्या टॉर्पेडोंना धडकेवर फुटणारी कळ बसवली. त्यांतल्या एका टॉर्पेडोने बिस्मार्क या जर्मन युद्धनौकेचं सुकाणू अडकवलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती बुडाली. दुपारी जे झालं ते पोटात घेऊन तीच माणसं उसळत्या डेकवरून त्याच दिवशी पुन्हा उडाली, हे ते विमान बांधताना आठवावं.

पण आमची शिफारस तिसऱ्या विमानाची. १२ फेब्रुवारी १९४२, इंग्लिश खाडी. शार्नहॉर्स्ट, ग्नायझेनाऊ आणि प्रिन्झ ऑयगेन या जर्मन नौका भर दिवसा खाडीतून निघून चालल्या होत्या. इंग्लंडमधल्या मॅन्स्टन तळावरून ८२५ स्क्वाड्रनची सहा स्वॉर्डफिश निघाली, प्रत्येकात तिघे. नेतृत्व लेफ्टनंट कमांडर युजिन एसमंड यांचं. संरक्षणाला लढाऊ विमानांच्या पाच तुकड्या ठरल्या होत्या, वेळेवर दहा स्पिटफायर आली. एसमंड थांबले नाहीत. सहाही विमानं पडली, एकही टॉर्पेडो लागला नाही. अठरांपैकी पाच वाचले. एसमंड यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. वाचलेल्यांत डोनाल्ड बन्स हा मागच्या बैठकीतला गडी होता. विमान जळत असताना त्याने मशिनगन सोडली नव्हती. त्याला कॉन्स्पिक्युअस गॅलंट्री मेडल देण्यात आलं. एसमंड यांच्या विमानाचा क्रमांक डब्ल्यू ५९८४ आणि अक्षर एच. डब्यातल्या चिन्हांवर विसंबू नका, ही आठ मिलिमीटरच्या आतली अक्षरं डिकल कागदावर छापून घेता येतात.

आपल्या समुद्राजवळचं उदाहरणही आहे. ५ एप्रिल १९४२ ला जपानी विमानं कोलंबोवर आली, तेव्हा टॉर्पेडो घेऊन तिकडे येणारी ७८८ स्क्वाड्रनची सहाही स्वॉर्डफिश झीरो विमानांनी पाडली. त्यांचं मॉडेल क्वचितच कोणी करतं.

आता ती माणसं. कुठल्याही विमान-किटच्या सूचनापत्रात माणसं म्हणजे एक आकडा आणि एक बाण. तेवढ्यावर भागवू नका. मूर्ती धडाबाहेर, टाचणीच्या टोकावर बसवून रंगवा. गडद निळा गणवेश, तपकिरी चामड्याची टोपी, पिवळं तरंगजाकीट. चेहऱ्याला शून्य नंबरचा ब्रशही जाड पडतो. पेणच्या कारखान्यांत गणपतीच्या डोळ्यांची आखणी ज्या लांब केसांच्या बारीक ब्रशने करतात तोच घ्या, आणि पद्धतही तीच: श्वास रोखून, एका ओढीत. चष्म्याच्या काचेवर अगदी शेवटी तकतकीत वॉर्निशचा एक ठिपका.

ऑब्झर्व्हर पुढे बघत ताठ बसलेला दाखवू नका. तो नकाशाच्या फळीवर वाकलेला असे. उघड्या वाऱ्यात, खाली नुसतं पाणी, वर ढग, अशात त्याला परतीची वाट आखायची असे, आणि तोवर त्याचं जहाज मूळ जागेवरून हललेलं असे. मूर्तीची मान गरम सुईने किंचित मऊ करून खाली झुकवा, कागदाचा तीन मिलिमीटरचा तुकडा मांडीवर ठेवा. मागचा गडी शेपटीकडे तोंड करून उभा करा. तोफा डागणारं जहाज आपल्या पाठीमागे आहे आणि आपल्याला फक्त मागून येणारी लढाऊ विमानं दिसताहेत, ही त्याची जागा. त्याच्या कमरेपासून बैठकीच्या तळापर्यंत एक बारीक तार जायला हवी. विमान वळताना माणूस बाहेर फेकला जाऊ नये म्हणून त्याला तळाशी अडकवत. ०.१ मिलिमीटरची तांब्याची तार, चार मिलिमीटर लांब. बिघडलेल्या इअरफोनच्या वायरीत अशी तार मिळते, वरचं लाखेचं आवरण काडीच्या ज्योतीने जाळून घ्यायचं.

पंख मिटायचे का? जहाजावरचं विमान असं कसं घडी होत होतं हे प्रत्यक्ष बघायचं तर गोव्यात बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयात जावं. तिथे आपल्या नौदलाचं ॲलिझे उभं आहे. विक्रांतवरून उडणारं, तेही तिघांचंच विमान. १० डिसेंबर १९७१ ला असं एक ॲलिझे पाकिस्तानी एफ-१०४ ने समुद्रावर पाडलं, तिघेही परत आले नाहीत. किटपुरतं मत सांगायचं तर पंख उघडेच ठेवा. मिटलेल्या पंखांच्या बिजागऱ्या १:७२ मध्ये कमजोर असतात आणि निम्म्या तारा सैल लोंबतात.

ठेवायचं ते काचेच्या पेटीतच. कौलारू घरात धूळ सतत वरून पडते आणि तारांवरची धूळ ब्रशने काढायला गेलं की तारा निघतात. पाल तर एका रात्रीत दोन दिवसांचं तारांचं काम तोडते. पेटी ३० बाय २५ बाय १५ सेंटीमीटरची करा, फटी सिलिकॉनने बुजवा, आत ५० ग्रॅम सिलिका जेलची पुडी मूर्तींच्या मागे दडवा. दाण्यांचा रंग बदलला की वेगळ्या पत्र्याच्या ताटलीत मंद आचेवर कोरडे करा, स्वयंपाकाच्या तव्यावर नको. पश्चिमेच्या खिडकीत ठेवलं तर चिन्हं पिवळी पडतात.

तळाची फळी फणसाची किंवा सागाची, २८ बाय २३ सेंटीमीटर. पुढच्या कडेला चार सेंटीमीटर उंचीची पट्टी मोकळी सोडा. तिच्यावर सहा रकान्यांत तीन-तीन ओळी, अडीच मिलिमीटरची अक्षरं. एसमंड यांच्या सहा विमानांतल्या अठरा जणांची नावं बरोबर मावतात, पायलट वर, ऑब्झर्व्हर मध्ये, गनर खाली, ज्या क्रमाने ते विमानात बसले होते.